शेजाऱ्याच्या भिंतीला दोर बांधायचा नसतो

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपलं जुन्या छायाचित्रांचं, पत्रांचं आणि नियतकालिकांच्या अंकांचं फिरतं प्रदर्शन येत्या हिवाळ्यात सुरू होतंय. पहिला मुक्काम माझ्या गावी आहे. तालुक्याच्या त्या गावातल्या शंभर वर्षं जुन्या दगडी वाचनालयाच्या अंगणात दहा दिवसांसाठी मंडप घालायचा ठरलंय. तो कसा असावा, यावर मी बोलावं असं समितीने सुचवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आर्किटेक्ट नाही. पण माझे अब्बा पस्तीस वर्षं मंडप आणि बिछायत केंद्र चालवत होते. माझं बालपण बांबू, काथ्या, कनाती आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांमध्ये गेलं. मंडप हा शब्द संस्कृतातून आला, शामियाना आणि कनात फारसीच्या वाटेने आले. आमच्या गोदामात ते सगळे एकाच फडताळात होते. गणपतीचा मंडप, उरुसाचा मंडप, लग्नाचा मंडप, सगळ्यांना कापड तेच, फक्त झालर बदलायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. विश्वस्तांनी आपल्याला दिलेल्या परवानगीच्या पत्रात एक ओळ आहे: इमारतीला कोणत्याही प्रकारे काहीही बांधू, ठोकू किंवा टेकवू नये. ती ओळ माझ्यामुळे आलेली आहे.

२००९ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मित्रमंडळींनी याच अंगणात गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. मंडपाची जबाबदारी मी हट्टाने घेतली. मुलगी बांबूवर चढते म्हणून नातेवाईक नाकं मुरडायचे, त्यांना मला दाखवून द्यायचं होतं. अब्बा बाहेरगावी होते. अंगणात एका बाजूला खांब रोवायला जागा अवघड होती, म्हणून मी ताडपत्रीचे दोन दोर सरळ इमारतीच्या सज्जाखालच्या कोरीव दगडाला बांधले. शिवाय दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात दोन लोखंडी खिळे ठोकले. काम झटपट झालं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. ताडपत्रीत पाणी साचलं, तिला पोट सुटलं, दोर ताणले गेले आणि त्या कोरीव दगडाचा कोपरा तुटून खाली आला. माणूस खाली असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. सकाळी अब्बा आले. त्यांनी आधी खिळे हलक्या हाताने काढले. मग तुटलेला तुकडा रुमालात बांधून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः माफी मागितली. मला एवढंच म्हणाले, ‘‘शेजाऱ्याच्या भिंतीला दोर बांधायचा नसतो.’’ तो तुकडा अजून वाचनालयाच्या कपाटात आहे. सज्जाखाली त्या जागी अजून खाच दिसते.

तर ऐतिहासिक इमारतीशेजारी तात्पुरतं काही उभारायचं, हा माझ्यासाठी नुसता तांत्रिक विषय नाही. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ साली मी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने लंडनला होते. तिथे या विषयाचं एक मोठं उदाहरण पाहायला मिळालं. त्यातून जे शिकले ते आपल्या मंडपापर्यंत आणायचा प्रयत्न करते.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सर्पेंटाइन नावाचं कलादालन आहे. इमारत १९३०च्या दशकातली, मुळात बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं चहापानगृह. विटांची, बसकी, मध्यावर छोटा मनोरा असलेली. १९७० साली तिथे कलादालन सुरू झालं. इमारत वारसा म्हणून संरक्षित आहे, तिच्यात मोडतोड करता येत नाही. या इमारतीशेजारच्या हिरवळीवर २००० सालापासून जवळपास दर उन्हाळ्यात एक नवा तात्पुरता मंडप उभा राहतो. त्याला ते पॅव्हेलियन म्हणतात. काही महिने तो उभा असतो. त्यात व्याख्यानं होतात, वाचन होतं, लोक कॉफी पितात, मुलं पळापळी करतात. शरद ऋतूत तो उतरवतात. निमंत्रणापासून उद्घाटनापर्यंत साधारण सहा महिने मिळतात. आर्किटेक्ट निवडताना एक अट असते: त्या व्यक्तीने तोवर इंग्लंडमध्ये इमारत पूर्ण केलेली नसावी.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. पहिला मंडप २००० साली झाहा हदीद यांनी केला. बगदादमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये शिकलेल्या आणि तिथेच काम करणाऱ्या. त्याआधी कार्डिफच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा त्यांनी जिंकली होती, पण तो प्रकल्प त्यांच्या हातून गेला, इमारत झालीच नाही. अशा वेळी त्यांना एका समारंभाच्या जेवणासाठी तंबू करायला सांगितलं गेलं. त्यांनी घड्या घातलेल्या त्रिकोणी छताचा तंबू केला. तो इतका आवडला की थोड्या दिवसांऐवजी तीन महिने ठेवला. २००४ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ब्रिटनमधली त्यांची पहिली कायमची इमारत मात्र २००६ साली, स्कॉटलंडमध्ये झाली. पुढे २०१३ मध्ये त्याच बागेत, १८०५ सालच्या दारूगोळ्याच्या कोठाराशेजारी, सर्पेंटाइनच्याच दुसऱ्या दालनाचा विस्तार त्यांनी केला. तो कायमचा आहे. तंबूपासून तिथवर पोचायला तेरा वर्षं लागली.

यातून मला एक गोष्ट दिसली. कायमची जागा द्यायला समाज वेळ लावतो. ज्याचं नाव नाही, जो बाहेरचा आहे, जी बाई आहे, तिला थेट पक्की इमारत कोणी देत नाही. तात्पुरती जागा मिळाली तर माणूस काय करू शकतो ते लोकांना डोळ्यांनी दिसतं. २०२१चा मंडप सुमैया वॅली यांनी केला. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातली ही तरुणी तोवरची सगळ्यात कमी वयाची आर्किटेक्ट होती. लंडनमध्ये बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांनी जिथे जिथे एकत्र जमायला जागा केली, अशा मशिदी, बाजार, पुस्तकांची दुकानं, खानावळी यांच्या आकारांवरून तिने रचना केली. आणि मंडपाचे काही तुकडे बागेबाहेर, शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांत नेऊन ठेवले. एक तर ग्रंथालयात ठेवला.

मी स्वतः पाहिला तो २०२५चा मंडप. ६ जून ते २६ ऑक्टोबर असा तो खुला होता. आर्किटेक्ट मरीना तबस्सुम, ढाक्याच्या. त्यांची ढाक्यातली बैत उर रौफ मशीद अनेकांना माहीत असेल. आजीने दिलेल्या जमिनीवर उभारलेली, ना घुमट ना मिनार, साध्या विटांची, आणि आत छतातून उतरणारा प्रकाश. तिला २०१६ साली आगा खान पुरस्कार मिळाला. नद्यांच्या पुरात घरं वाहून जातात त्या वाळूच्या बेटांवरच्या लोकांसाठी त्यांनी खुदी बाडी नावाचं छोटं दुमजली घर केलं. बांबू आणि लोखंडी जोड. नदीने काठ खाल्ला की घर सोडवायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. २०२५ साली या घरालाही आगा खान पुरस्कार मिळाला.

तर या बाईंनी लंडनच्या बागेत काय केलं? शामियान्याची आठवण ठेवून मंडप केला. त्यांनी स्वतः तसं जाहीरपणे सांगितलं आहे. आपल्याकडे लग्नाच्या शामियान्यात कापडातून गाळून येणारा पिवळट, मऊ उजेड असतो ना, तो त्यांना तिथे आणायचा होता. लाकडी कमानींचे चार भाग, वर गोलाई, मधे मोकळा चौक. कमानींमध्ये अर्धपारदर्शक पत्रे बसवलेले, त्यातून उजेड गाळून आत येतो. चौकात गिंको जातीचं एक झाड. चारांपैकी एक भाग सरकतो, म्हणजे गरजेप्रमाणे मोकळी जागा कमी-जास्त करता येते. आत बसायला बाकं आणि पुस्तकांची फळी.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा आधी मंडप पाहिला, मग मागे वळून जुनी इमारत पाहिली. लक्षात आलं की मंडपाचा चौक जुन्या इमारतीच्या मनोऱ्याशी ओळंब्यात आणलेला आहे. चौकात उभं राहिलं की मनोरा आपोआप नजरेत येतो. म्हणजे नवीन मंडपाने जुनीकडे बोट दाखवलं. आणि तिला कुठे स्पर्श केलेला नाही. मी तिथूनच अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. अब्बांचे प्रश्न ठरलेले: दोर कुठे आहेत? पाणी कुठे जातं? झाड कुणाचं? मी सांगितलं, झाड मंडपासाठी आणलंय, नंतर बागेतच लावणार आहेत. अब्बा म्हणाले, ‘‘म्हणजे मंडपवाला जाताना झाड सोडून जाणार. चांगलं आहे. आम्ही खड्डे सोडून जायचो.’’

अब्बांचं हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. याच सर्पेंटाइनच्या मंडपांवर टीकाही झालेली आहे आणि ती योग्य आहे. तात्पुरत्या मंडपासाठी जमिनीत काँक्रीटचा पाया ओतावा लागतो, मग तो तात्पुरता कसला? २०१२ साली हेरझॉग आणि द म्यूरॉन हे स्विस आर्किटेक्ट आणि चिनी कलावंत आय वेवे यांनी यावरच मंडप केला. त्यांनी हिरवळ खणली, आधीच्या अकरा मंडपांचे पायांचे अवशेष शोधले आणि त्या रेषांवरच बसायच्या पायऱ्या केल्या. अकरा जुन्या मंडपांचे अकरा खांब आणि बारावा स्वतःचा. वर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पाणी धरून ठेवणारं सपाट छप्पर. लोक वाकून खाली उतरायचे आणि दरवर्षी ‘काहीही न ठेवता गेलो’ असं म्हणणाऱ्यांनी काय काय ठेवलं होतं ते पाहायचे. मी तो प्रत्यक्ष पाहिला नाही, छायाचित्रांत पाहिला. पण मला तो सगळ्यात प्रामाणिक मंडप वाटतो.

उलट उदाहरण २००४चं. एमव्हीआरडीव्ही या डच मंडळींनी जुन्या इमारतीवरच एक कृत्रिम डोंगर रचायचा, तिला संपूर्ण झाकून टाकायचं, असा आराखडा केला. कल्पना धाडसी होती, पण ती कधी प्रत्यक्षात आली नाही. त्या वर्षी मंडपच झाला नाही. सहा महिने हातात असताना काय करायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, हा धडा मी त्यातून घेतला.

त्याच परिसराचा अजून एक जुना दाखला देते, कारण आपल्या वादाशी त्याचा संबंध आहे. सर्पेंटाइनपासून थोड्याच अंतरावर, हाइड पार्कमध्ये, १८५१ साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं. समितीने आधी विटांची आणि प्रचंड घुमटाची इमारत सुचवली. लोक भडकले. बागेत एवढ्या विटा आल्या की त्या परत जाणार नाहीत, ही भीती होती. मग जोसेफ पॅक्स्टन या बागकाम करणाऱ्या माणसाचा लोखंड आणि काचेचा आराखडा स्वीकारला गेला. कारखान्यात भाग बनवायचे, जागेवर जोडायचे, नंतर सोडवायचे. लांबी १,८४८ फूट. जागेवरची मोठी एल्मची झाडं तोडू नयेत म्हणून लोकांनी आग्रह धरला, तर छप्परच वर उचललं आणि झाडं आत घेतली. प्रदर्शन संपल्यावर इमारत खरोखर उतरवली आणि सिडनहॅमला नेऊन १८५४ साली पुन्हा उभी केली. ती १९३६ साली जळाली, पण हाइड पार्कची हिरवळ मोकळी झाली ती झालीच. लोकांनी सुरुवातीलाच ‘जाणार कधी?’ हा प्रश्न विचारला म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची सवय नाही. एखाद्या जुन्या वास्तूच्या पायथ्याशी चार दिवसांसाठी पत्र्याची शेड येते. मग पाऊस आहे म्हणून राहते. मग तिच्यात वीज येते, फरशी येते, पेटी येते. वीस वर्षांनी ती ‘पूर्वापार’ होते आणि तिच्यावरून दोन गट रस्त्यावर येतात. अशी शेड कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. आपल्या लोकांनीही हे केलेलं आहे, इतरांनीही केलेलं आहे. शेड कुणाची आहे ते पाहून आपण आवाज चढवतो किंवा उतरवतो, ही खरी अडचण आहे. ज्या कार्यकर्त्याला याविषयी बोलायचं आहे, त्याने स्वतः घातलेला मंडप ठरल्या दिवशी उतरवून दाखवलेला असला पाहिजे. नाहीतर त्याला बोलायचा हक्क नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. १९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर हे बांधकामाला प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र असतं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६०चा वेगळा कायदा आहे. पण आपल्या गावचं वाचनालय, जुनी शाळा, एखादा वाडा, एखादी मुसाफिरखान्याची इमारत अशा बहुतेक वास्तू कोणत्याच यादीत नसतात. त्यांना कायद्याचं कुंपण नाही. तिथे शेजाऱ्याची शिस्त हाच कायदा.

माझ्या धंद्यातला एक अनुभव सांगते. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त टिकतं ते ‘टेम्पररी’ म्हणून लिहिलेलं. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी घाईत एक जोडकाम केलं आणि वर लिहून ठेवलं, पुढच्या आठवड्यात काढायचं. चार वर्षांनी तेच जोडकाम बिघडलं आणि रात्रभर बारा माणसं जागली. वर नाव माझं. का राहिलं ते? काढायची तारीख होती, पण काढणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: परत कसं जायचं हे लिहिल्याशिवाय नवीन काही बसवायचं नाही. अब्बांच्या भाषेत सांगायचं तर मंडप घालायला माणसं कोणीही देतं, उतरवायला कोण येणार ते आधी विचार.

तर आपल्या मंडपाबद्दल माझं म्हणणं असं आहे.

पहिली गोष्ट, निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटनाच्या तारखेखाली मंडप उतरवण्याची तारीखही छापायची. कोण उतरवणार त्यांची नावं आजच ठरवायची. माझं पहिलं नाव लिहा. आणि विश्वस्तांनी मागितली नसली तरी अनामत रक्कम आपण स्वतःहून ठेवायची. अंगण जसं होतं तसं मिळालं की त्यांनी परत द्यावी.

दुसरी गोष्ट, इमारत आणि मंडप यांच्यात झाडू घेऊन माणूस आरामात फिरेल एवढं अंतर. अंगणात खड्डे खणायचे नाहीत. खांबांना पायथ्याशी वजन देऊन उभं करायचं. २०० लिटरचा पिंप पाण्याने भरला की पाण्याचंच वजन २०० किलो होतं, जाताना ते पाणी झाडांना घालायचं. किती पिंप लागतील, वारा किती धरायचा हे अंदाजाने ठरवायचं नाही. मी एकदा अंदाजाने ठरवलं होतं. गावातल्या स्थापत्य अभियंत्याकडून लिहून घ्यायचं. छताचा उतार इमारतीपासून दूर, म्हणजे पाणी तिच्या जोत्यात मुरणार नाही. आणि पावसाळा नसला तरी कापडाला पोट सुटू द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट, मंडपाची उंची सज्जाच्या खालीच राहिली पाहिजे. समितीतल्या काही मित्रांना मोठी कमान हवी आहे, रस्त्यावरून दिसेल अशी, वर सगळ्यांचे फोटो असलेला फ्लेक्स. मला त्यांचा आदर आहे, पण तो फ्लेक्स नेमका वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर येतो. ज्या इमारतीच्या सावलीत आपण पाहुणे म्हणून बसणार, तिचाच चेहरा झाकायचा? प्रवेशद्वार असं ठेवू की आत येणाऱ्याला मंडपातून समोर वाचनालयाचं दार दिसेल. प्रदर्शन बघून झाल्यावर दहातले दोन जण जरी त्या दारातून आत गेले आणि सभासद झाले तरी मंडपाचं भाडं वसूल झालं.

चौथी गोष्ट, उजेड. जुनी पत्रं आणि अंक उन्हात ठेवायचे नाहीत, शाई उडते. मंडपात प्रती लावू, मूळ कागद वाचनालयाच्या आत, कपाटात, थोडा वेळ आणि कमी उजेडात दाखवू. रंगीत झालरी नकोत, साधं पांढरं कापड पुरे. त्यातून येणारा उजेड वाचायला चांगला असतो, हे लग्नाच्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कापडाजवळ हॅलोजन नको, वायरींचे जोड उघडे नकोत, बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि दोन्ही वाटा मोकळ्या. आगीची भीती कापडाच्या मंडपात खरी असते.

पाचवी गोष्ट, येणारी माणसं. जोतं १५ सेंटीमीटर उंच केलं तर चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा या उताराने १.८ मीटरची वाट लागते. फार नाही, दोन फळ्या. ज्या बायका घरून दोन तासांची मोकळीक घेऊन येणार आहेत त्यांना बसायला बाकं, लेकराला निजवायला एक कोपरा, आणि वाचनालयाच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे आहे हे लिहिलेली पाटी. मोठमोठ्या मंडपांचे फोटो छान येतात, पण आई-मावशी तिथे किती वेळ टेकल्या यावरून मंडप कसा होता ते ठरतं.

आणि शेवटचं. काम सुरू करण्याआधी भिंतीचे, फरशीचे, त्या सज्जाचे फोटो काढायचे. उतरवल्यावर त्याच जागेवरून पुन्हा काढायचे. दोन्ही फोटोंचा संच वाचनालयाला द्यायचा.

त्या तुटलेल्या दगडाबद्दलही एक विनंती आहे. मी विश्वस्तांशी बोलले आहे. जुन्या दगडकामाची माहिती असलेल्या जाणकाराकडून तो तुकडा पुन्हा बसवता येईल का हे तपासून घ्यायचं आहे. त्याचा खर्च प्रदर्शनाच्या वर्गणीतून नको, तो माझा आहे. बसवता येणार नसेल तर तुकडा कपाटातच राहू दे. पण प्रदर्शनात त्याला एक छोटी जागा द्या, असं मी समितीला सुचवते. खाली दोनच ओळी लिहू: हा २००९ साली प्रदर्शनाच्या मंडपामुळे तुटला, चूक आमची होती. आपण इतिहास मांडणार आहोत, तर त्यातला आपला हा तुकडा लपवून कसं चालेल?

अब्बा आता सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे साथ देत नाहीत. पण उतरवायच्या दिवशी येतो म्हणालेत. खुर्ची टाकून बसणार आणि आमच्या गाठी कशा सुटतात ते बघणार. चांगली गाठ कोणती, असं मी त्यांना लहानपणी विचारायची. ते म्हणायचे, वाऱ्यात सुटत नाही आणि हाताने सुटते ती.

यादीत नावं लिहायला कागद बाहेर टेबलावर ठेवलेला आहे. घालायला नाही, उतरवायला कोण कोण येणार ते त्यावर लिहा.